उंटाची तहान

त्याला सगळे उंट म्हणत. तोंडावर उंटराव, पाठीमागे नुसतंच उंट. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं. मोठ्या इमारतींच्या बांधकामावर जी उंच पिवळी क्रेन उभी असते, तिच्या मानेपाशी टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये हा माणूस अठरा वर्षं बसत आला होता. सकाळी सातला वर चढला की दुपारच्या जेवणापर्यंत तो पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. कारण साधं होतं. प्यालेलं पाणी कधी ना कधी बाहेर पडणारच, आणि बाहेर पडायची सोय जमिनीवर, शिडीच्या तीनशे बारा पायऱ्या खाली. उतरा, चढा, यात अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ खालची पन्नास माणसं हातावर हात ठेवून उभी राहतात. म्हणून क्रेनवाले पाणी पीतच नाहीत. ही त्या धंद्यातली रीत. कुठल्या कागदावर लिहिलेली नाही, पण पाळतात सगळे. उंट तर ती मिरवायचा. "तहान म्हणजे मनाचे खेळ," असं तो वॉकीटॉकीवरून खाली उन्हात घाम गाळणाऱ्यांना ऐकवायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्याला दुसराही एक अभिमान होता, आणि तो मात्र रास्त होता. केबिनमध्ये डोळ्यांसमोर एक काटा असतो. गळाला किती वजन लागलंय ते तो दाखवतो, आणि वजन हद्दीबाहेर गेलं की क्रेन आपोआप थांबते. कामाची घाई असली की बरेच जण त्या काट्याची वायर काढून ठेवतात आणि देवावर हवाला ठेवून माल उचलतात. उंटाने अठरा वर्षांत ते एकदाही केलं नाही. साहेबांनी खालून शिव्या घातल्या तरी नाही. "काटाच खोटं बोलायला लागला तर मग विचारायचं कुणाला?" एवढंच तो म्हणायचा.

मग एका सकाळी केबिनच्या तळाचं लोखंडी झाकण, ज्यातून आत चढायचं, ते वाऱ्याने आपटलं आणि चढत्या उंटाच्या डोक्यात बसलं. हेल्मेट होतं म्हणून कवटी वाचली, पट्टा बांधलेला होता म्हणून माणूस शिडीला लोंबकळत राहिला. कपाळाला सात टाके पडले, दोन दिवस दवाखान्यात गेले, आठवडाभर डोकं ठणकलं. थोडक्यात निभावलं, असं जो तो म्हणाला. निभावलं नव्हतं, हे कळायला आठ महिने लागले.

टाके निघाले त्याच आठवड्यात ती तहान सुरू झाली. सकाळी त्याने चहाचा कप बाजूला सारला आणि पाणी मागितलं. बायकोने पेला दिला. तो रिकामा करून त्याने पुन्हा पुढे केला. दुसरा झाला, तिसरा झाला, चौथा झाला. पाचव्याला तिने पाण्याचा जगच उचलून समोर ठेवला.

"यापेक्षा गार नाही का?" त्याने विचारलं.

"अहो, पोट फुटेल!" ती म्हणाली.

पोट फुटलं नाही. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं, तेही नळाच्या पाण्यासारखं, ना रंग ना वास. आणि लगेच घसा पुन्हा कोरडा. तुम्ही-आम्ही उन्हातून घरी आल्यावर जी तहान लागते ती ही नव्हे. ती बिचारी दोन पेल्यांत शांत होते. ही शांत होतच नव्हती. जीभ टाळूला चिकटायची, डोक्यात पाण्याशिवाय दुसरा विचार उरायचा नाही, आणि समोर गार पाणी नसलं तर हा शांत माणूस लहान पोरासारखा कावराबावरा व्हायचा. दिवसाला बारा लिटर. बायकोने मोजलं होतं. ती शिवणकामाच्या दुकानात काजंबटणं करायची, तिला मोजायची सवयच होती.

हळूहळू त्याचं सगळं जग एका नळापासून एका मुतारीपर्यंत आलं. घरातून साइटवर जाताना कुठे काय आहे ते त्याला पाठ झालं. लांबच्या प्रवासाला तो जाईना. मेहुणीच्या घरी कार्य होतं, तिथेही गेला नाही, आणि मेहुणी अजून अबोला धरून आहे. सलग दीड तासापेक्षा जास्त झोप त्याच्या वाट्याला येईना. बिछाना, नळ, संडास, बिछाना. कैद्याला निदान कोठडीच्या भिंती दिसतात. याची कोठडी याच्या अंगातच होती आणि तिचं दार कुठे आहे ते कुणाला सांगता येत नव्हतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा रक्तातली साखर तपासली. साखर बिलकुल नाही. "मग सवय लागलीय तुम्हाला," ते म्हणाले. "पाणी कमी प्या." हा सल्ला देण्यासाठी माणसाला किती वर्षं शिकावं लागतं, कोण जाणे. उंटाने तोही करून पाहिला. चार तास पाणी सोडलं, तर हात कापायला लागले आणि भिंतीवरचं घड्याळ दोन-दोन दिसायला लागलं.

आणि नोकरी? नोकरी तर काचेच्या खोक्यात, तीनशे बारा पायऱ्या वर. क्रेनवाल्यांना पाठीसाठी कमरेला रुंद पट्टा लागतो. बायकोने त्याच्या पट्ट्याला आतून चार खिसे शिवले, चपट्या बाटल्या बसतील असे, म्हणजे शिडीवर मध्येच तहान लागली तर घोट घेता यावा. बाकीच्या बाटल्या त्याच्या कामाच्या पिशवीत. सकाळी भरलेल्या वर जायच्या, संध्याकाळी भरलेल्याच खाली यायच्या. फक्त आत काय आहे ते बदललेलं असायचं. "उंटराव, वर विहीर लागली की काय?" खालची पोरं विचारायची. तो हसायचा. न हसून काय करतो?

शेवटी व्हायचं तेच झालं. काचेच्या मोठ्या तावदानांचा गठ्ठा गळाला लटकत होता, आणि उंटाने तो अधांतरी सोडून बाटली शोधायला मान वळवली. एक बाटली तोंडाला लावायला आणि दुसरी, समजून घ्या. वाऱ्याने गठ्ठा गरगर फिरला. खाली पळापळ झाली. कुणाला ओरखडाही गेला नाही, पण साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," साहेब म्हणाले, "पण उंटराव, तुमच्या खोडीने दुसराच कुणीतरी मरेल. सोमवारपर्यंत मोठ्या डॉक्टरचा रिपोर्ट आणा. शरीर ठीक असेल तर वर चढा. नसेल तर क्रेनवर दुसरा माणूस."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोक्याला कधी मार लागला होता?" आठ महिन्यांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मग त्या समजावून सांगू लागल्या की एक चाचणी करायची, पाणी बंद ठेवून. सवयीने पिणाऱ्याचं काय होतं, आणि ज्याच्या मेंदूत बिघाड आहे त्याचं काय होतं. पण उंटाने यातलं अर्धंच ऐकलं. मधल्या भागात त्याला उठून जावं लागलं. तो संडासातून परत आला तेव्हा सांगून संपलं होतं आणि बायको मान हलवत होती. पुन्हा विचारायची त्याला लाज वाटली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता त्याला एका खोलीत बंद केलं. खोलीत खाट, खुर्ची, कोपऱ्यात वजनकाटा आणि खुणा केलेलं एक प्लॅस्टिकचं भांडं. नळाची तोटी काढलेली. खिडकी उघडत नव्हती. बायकोला बाहेर बसवलं, कारण घरचे लोक दया येऊन पाणी पाजतात म्हणे. सिस्टरने त्याची कामाची पिशवी उघडून बाटल्या काढून घेतल्या, पट्ट्याचे खिसेही रिकामे केले. पिशवीत बाकी होतं ते लोखंड. केबिनचं कुलूप, एक पाना आणि दोर अडकवायची मुठीएवढी जाड कडी. त्याकडे तिने बघितलंही नाही. पाठ दुखते म्हणाला, म्हणून पट्टा राहू दिला.

"चार वाजेपर्यंत पाणी नाही," सिस्टर म्हणाली. "दर तासाला वजन करायचं. दोन किलोच्या वर उतरलं तर टेस्ट थांबवायला लागते."

"थांबवली तर रिपोर्ट?"

"टेस्ट झाल्याशिवाय रिपोर्ट कसा मिळेल, काका?" ती घाईत होती, दाराकडे जाता जाता बोलली.

सुरुवातीचं वजन चौऱ्याहत्तर किलो. नऊला त्र्याहत्तरच्या थोडं वर. दहाला त्र्याहत्तरच्या खाली. भांडं भरत होतं, सिस्टर मोजून नेत होती. आणि दाराबाहेर, बरोब्बर दारालगत, पाण्याचा कूलर होता. कुणी पेला भरला की आत बुडबुडा उठायचा, गुडूक. उंटाने कानांवर उशी दाबली. उशीतूनही ऐकू यायचं. गुडूक. वर केबिनमध्येही तो एकटाच असायचा, पण तिथून अख्खं गाव दिसायचं. इथे फक्त पांढरी भिंत, आणि तीही हलायला लागली होती.

साडेदहाला त्याने हिशेब मांडला. तासाला अर्धा किलो जातोय. बाराच्या सुमाराला दोन किलो पुरे होणार. टेस्ट थांबणार, रिपोर्ट नाही, सोमवारी क्रेनवर दुसरा माणूस. मग त्याच्या सुकत चाललेल्या डोक्यात जो विचार आला तो फक्त क्रेनवाल्याच्याच डोक्यात येऊ शकतो. क्रेनचा एक हात माल उचलतो, तेव्हा दुसऱ्या हाताला सिमेंटचे ठोकळे बांधलेले असतात, तोल राहावा म्हणून. एका बाजूला वजन कमी-जास्त झालं की दुसऱ्या बाजूला ठोकळा लावायचा. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं?

त्याने पिशवीतून कुलूप काढलं आणि पट्ट्याच्या आतल्या खिशात सरकवलं. अकराच्या वजनाला काटा जवळजवळ जागेवर राहिला. बाराला पाना गेला. सिस्टरने आकडा लिहिला आणि मान हलवली. एक वाजायच्या आधी त्याने कडी हातात घेतली. त्याला दोन कड्या दिसत होत्या. एरवी नुसत्या नजरेने टनाचा अंदाज करणारा माणूस, पण त्या घडीला त्याला किलोचा अंदाज राहिला नाही.

सिस्टर काट्याकडे बघतच राहिली. "वजन अर्धा किलो वाढलं?" ती म्हणाली. "पावणेतीन लिटर बाहेर गेलंय आणि वजन वाढलं? काका, कुठून प्यायलात?"

"नाही प्यायलो."

"मग हवा खाऊन वाढलं का?"

तिने खाटेखाली पाहिलं, गादी उचलली, खिडकीच्या फटी चाचपल्या. डॉक्टर बाई आल्या. त्यांनी आकडे वाचले आणि खुर्चीवर बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. तो जास्त लागला.

"लपून पाणी पिणारे तुम्ही पहिले नाही," त्या म्हणाल्या. "पण यावरून माझ्यापुरतं उत्तर मिळालं. हे सवयीचं आहे. रक्ताचा रिपोर्ट यायचाय, तो आला की लिहून देते. शरीरात दोष नाही. सवय मोडायला दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागेल."

शरीरात दोष नाही! उंटाच्या कोरड्या डोक्यात तेवढंच शिरलं. साहेबांना हेच तर हवं होतं. तोंड मिटून बसलं की सोमवारी क्रेन आपली. आणि तहान? तहानही आपलीच, जन्मभर, बारा लिटर रोज. शिवाय सगळे म्हणणार, बघा, चोरून पितो. खरं सांगावं तर क्रेन गेली. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण याच्यासाठी दोन्हीत पाणी नव्हतं. त्याला रडायला येत होतं, आणि डोळ्यांतून काही येत नव्हतं.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेर सिस्टर बायकोला सांगत होती की तुमचे मिस्टर पाणी प्यायलेत.

"नाही प्यायले म्हणाले ना?" बायकोचा आवाज आला. "मग नाही प्यायले. तुमचा काटा तपासा."

उंट उठला. भिंतीला धरत काट्याकडे गेला आणि त्यावर उभा राहिला. शर्टाखाली हात घालून त्याने कडी काढली आणि जमिनीवर ठेवली. मग पाना. मग कुलूप. प्रत्येक वेळी काटा खाली सरकला, आणि शेवटी एकाहत्तरच्या जरा वर थांबला.

"काट्याचा दोष नाही," तो म्हणाला. जीभ वळत नव्हती. "मी फसवलं. पण पाणी नाही प्यायलो."

मग डॉक्टर बाई एकदम उभ्या राहिल्या, आणि आता मात्र त्या रागावल्या होत्या. "ही टेस्ट दीड तासापूर्वीच थांबवायची होती! झटका आला असता, माणूस बेशुद्ध झाला असता. वजन उतरणं हेच उत्तर होतं, तेच तर मला बघायचं होतं. कळतंय का तुम्हाला?"

त्याला कळलं ते हळूहळू. आधी रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात मीठ भलतंच चढलेलं. मग दंडात एक सुई, आणि मग बायकोच्या हातून पाणी, पेला-पेला. तासाभरात भांड्यात पडणारी धार बारीक झाली. संध्याकाळी भांड्यात पाव पेला साठला, आणि तो पिवळा होता. सिस्टर ते भांडं घेऊन डॉक्टरांना दाखवायला अशी धावली की कुणाला वाटावं लॉटरी लागली.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते," डॉक्टर बाईंनी खाटेवर बसून सांगितलं. या वेळी त्याला मध्येच उठावं लागलं नाही. "ती बारीक देठाला लटकलेली असते. मेंदूत एक हार्मोन तयार होतं, ते या देठावरून उतरतं आणि रक्तातून मूत्रपिंडांना निरोप देतं, पाणी धरून ठेवा. झाकण आपटलं तेव्हा तो देठ दुखावला. निरोप बंद झाला. मूत्रपिंडं बिचारी सगळं सोडत राहिली. तुमच्या खालच्या माणसाचा वॉकीटॉकी बंद पडावा, तसं."

"मग तहान?"

"रक्त खारट झालं की मेंदूतलीच दुसरी एक जागा ओरडायला लागते, पाणी आणा. ती जागा तुमची शाबूत आहे. ती ओरडली म्हणून तुम्ही आठ महिने जगलात. तुमची तहान खोटी नव्हती हो. अख्ख्या घोळात तीच एकटी खरं बोलत होती."

उंटाने हात तोंडावर ठेवला. अठरा वर्षं तो जिला मनाचे खेळ म्हणत आला होता, ती हीच. आता डोळ्यांतून पाणी आलं. बायकोने ते पदराने पुसलं.

त्या रात्री तो सलग सात तास झोपला. बायको खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत राहिली, तिला सवय नव्हती.

सकाळी डॉक्टर बाई कागद घेऊन आल्या, साहेबांनी रिपोर्टसाठी भरून आणायला दिलेला. जे हार्मोन सुईतून दिलं तेच आता गोळीतून, रोज, जन्मभर. पाणी तहानेपुरतंच प्यायचं, नाहीतर उलटा त्रास. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी कागदाच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. चार तास उंचावर एकट्याने काम करू शकतो का?

"गोळी लागू पडतेय," त्या म्हणाल्या. "मी हो लिहू शकते. पण गोळीचा अंमल कधी मध्येच उतरेल, आणि ते आधी तुम्हाला कळेल, मला नाही. वर असताना ती तहान आली तर काम टाकून खाली याल? खरं सांगा."

बायको त्याच्याकडे बघत होती. हो म्हटलं की झालं, एक अक्षर. सोमवारी तीनशे बारा पायऱ्या, काचेची केबिन, समोर अख्खं गाव. उंटाची नजर कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे गेली. त्याच्याशेजारी कुलूप, पाना आणि कडी अजून तशीच पडली होती.

"नाही येणार," तो म्हणाला. "मी धरून बसेन."

डॉक्टर बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग रकान्यात 'नाही' लिहिलं. "जमिनीवरचं काम, तीन महिने," त्या म्हणाल्या. "मग परत या. हाच प्रश्न पुन्हा विचारीन."

त्या गेल्या. मग बायकोने सवयीने पेला भरून त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्यासाठी बाटली तिरकी धरून उभी राहिली. तो अर्धा पेला प्यायला आणि त्याने तो खाली ठेवला.

"पुरे," तो म्हणाला.

ती बाटली तशीच धरून उभी राहिली, आणि उंटाने तो अर्धा पेला हलकेच बाजूला सरकवला.